बापानं धुरा (बांध) कोरला, पोरानं सांगतलं : गावच्या अभ्यासगटात न्याय शिकायचा तर सुरुवात कुठून करावी?

धुरेकरी (धागाकर्ता)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. दिवाळीनंतर वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण बसायला लागलो. रिटायर हेडमास्तर, अंगणवाडी सेविका, एमपीएससीवाली तीन पोरं, किराणा दुकानदार, बचत गटाच्या दोघी, बाकी माझ्यासारखे कास्तकार. ठरवलं होतं की राजकारण नाही, भजन नाही. नीती, स्वातंत्र्य, न्याय याबद्दल जगात कोणी काय विचार केला ते थोडं थोडं वाचायचं.

पहिल्या रविवारी 'स्वातंत्र्य म्हणजे काय' यावर एका पोरानं क्लासच्या नोट्स वाचल्या. सात व्याख्या झाल्या. पाचव्या व्याख्येला मास्तरांचा डोळा लागला. दुसऱ्या रविवारी पाच जण आले.

म्हणून तिसऱ्यांदा मी गोष्ट नेली. चीनमधला अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रसंग. शे नावाच्या मुलखाचा अधिकारी विचारवंत कन्फ्यूशियसला सांगतो, आमच्याकडे एक असा सरळ माणूस आहे की बापानं मेंढी चोरली तर त्यानं बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, सरळपणा त्यातच असतो.

खोली पेटली हो! मास्तर कन्फ्यूशियसच्या बाजूनं, अंगणवाडीच्या ताई विरुद्ध, दुकानदार दोन्हीकडून. मला वाटलं, जमलं. मग लक्षात आलं की कोपऱ्यात बसलेला एक पोरगा मान खाली घालून चटईची काडी उपसतोय. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

गेल्या उन्हाळ्यात गावात मोजणी झाली. या पोराचा बाप दर वर्षी शेजारणीच्या धुऱ्यातला एक-एक तास (नांगराची एक ओळ) नांगरात घेत होता. शेजारीण विधवा, बौद्ध समाजाची. मोजणीवाल्यांनी जुना दगड कुठं होता विचारलं, बाप म्हणे माहीत नाही, आणि या पोरानं बोट दाखवलं. बाभळीखाली, दीड हात आत. तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलत नाही. गावात काही जण त्याला 'बिभीषण' म्हणतात.

तो उठला, चप्पल घातली, गेला. त्यानंतर आला नाही.

माझे प्रश्न दोन. एक, असल्या गोष्टी गावात न्याव्या की नाही? दोन, सुरुवात कोणाच्या पुस्तकापासून करावी? मास्तर म्हणतात गीता, एक पोरगा म्हणतो संविधान, तिसरा म्हणतो ग्रामगीता सोडून बाहेर जायचं कामच काय.

---

पक्का_वऱ्हाडी

पह्यला नंबर! भाऊ, मेंढी कायले नेली? धुऱ्याची गोठ असती तर निदान नांगर तरी दिसला असता. बाकी तुमच्या मास्तरले पाचव्या व्याख्येपर्यंत जागं ठेवलं, हेच लय झालं. आमच्या कालेजात पह्यलीलेच झोपत होतो.

---

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट

नोट्सवाल्या पोराला हसू नका. यूपीएससीनं २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा आख्खा पेपर घातला, अडीचशे मार्कांचा. त्यामुळे सगळ्या क्लासवाल्यांनी विचारवंतांचे तक्ते केले. एका ओळीत प्लेटो, एका ओळीत गांधी. पेपरमध्ये केस स्टडी येते : तुम्ही अमुक जिल्ह्यात अधिकारी आहात, तुमच्या काकाच्या टेंडरात गडबड दिसते. आम्ही सगळे कागदावर काकाला पकडतो. घरी काका आला की त्याच्याच मोटरसायकलीवर क्लासला जातो.

---

सातबारा

वकील आहे, त्यामुळे कोरडी माहिती आधी. जुन्या पुरावा कायद्यात कलम १२२ होतं : नवरा-बायकोनं लग्न टिकून असताना एकमेकांना सांगितलेली गोष्ट कोर्टात उघड करायला भाग पाडता येत नाही. नव्या कायद्यातही तरतूद तशीच आहे. पण बाप-लेकाला असं कवच नाही. आपल्या कायद्याच्या लेखी तुमचा पोरगा इतरांसारखाच एक साक्षीदार. गंमत अशी की चीननं २०१२ साली फौजदारी प्रक्रिया कायदा बदलला तेव्हा आरोपीचे जोडीदार, आई-बाप आणि मुलं यांना साक्षीसाठी जबरदस्तीनं कोर्टात आणता येणार नाही असं घातलं. म्हणजे कन्फ्यूशियस मेलेला नाही.

आता कोरडं नसलेलं. वीस वर्षं दिवाणी कोर्टात धुऱ्याचे दावे बघतोय. दोन तासांच्या जमिनीसाठी लोक दोन एकर विकतात. खरं सांगणारा पोरगा मला एकदाही भेटला नाही. असता तर माझी अर्धी वकिली बसली असती.

---

काळीमाती

धागाकर्ते, पोरगं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं आधी घरात बापाशी बोलायला पाहिजे होतं. चारचौघांत, मोजणीवाल्यांसमोर, त्या बाईसमोर बोट दाखवलं म्हणजे बापाची इज्जत गेली. कन्फ्यूशियस लबाडी शिकवत नाही, तो म्हणतो घरातलं घरात सरळ करा. घरातच माणूस सरळ वागायला शिकतो. ते मोडलं तर बाहेरच्या कायद्याला पकडायला हात कुठे उरतो?

---

धुरेकरी

@काळीमाती, बोलला होता म्हणे. दोन वर्षं. बाप म्हणायचा, 'तुह्यासाठीच तं करून राह्यलो.'

---

काळीमाती

हे आधी सांगायचं ना. मग माझं म्हणणं निम्मं मागे. निम्मं ठेवतो.

---

अकोटवाला

आमच्याकडे याचं उत्तर सरळ लिहिलेलं आहे. कुराणात सुरह निसा, आयत १३५ : इन्साफवर ठाम राहा, साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. समोरचा श्रीमंत असो की गरीब. लहानपणी मौलवीसाहेबांनी हे पाठ करून घेतलं होतं.

पण पाठ असणं वेगळं. शरियतमध्ये बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा, पण ठरलेला आहे, कोणी नाही म्हणू शकत नाही. आमच्या अब्बांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा दोन्ही फुफींना (आत्यांना) एक-एक साडी आणि ईदला बोलावणं, इतकंच मिळालं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, आयत पाठ होती, आणि मी चहाचे कप उचलत होतो. तुमच्या पोरानं बोट उचललं. त्याला माझा सलाम सांगा.

---

पराटीचं_बोंड

@अकोटवाला, भाऊ, साडी आमच्याकडेही तीच. दुकानही बहुतेक एकच असेल.

२००५ च्या दुरुस्तीनं हिंदू मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यानंतर आमच्या तहसील ठिकाणी काय वाढलं असेल तर हक्कसोडपत्रं. माझी सही माझ्या मोठ्या भावानं राखीच्या दुसऱ्या दिवशी घेतली. मला विचारलं, 'तुले माहेर पायजे का वावर?' मी माहेर म्हटलं. आई गेल्यावर माहेरही गेलं. सही करताना बोटाला लागलेली शाई घरी येऊन लिंबानं काढली, ते मात्र लख्ख आठवतं.

यात स्वातंत्र्य कुठे बसतं, ते तुमच्या अभ्यासगटाला विचारा. सही माझी, मर्जीनं केलेली, साक्षीदार हजर.

---

सातबारा

@पराटीचं_बोंड, आदिवासी मुलींचं याहून अवघड. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, त्यामुळे 'रूढी दाखवा' असं म्हटलं जायचं. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात उलटं विचारलं : मुलीला वाटा नाही अशी रूढी असेल तर ती तुम्ही सिद्ध करा. सिद्ध झाली नाही, वाटा मिळाला. सिद्ध करायचं ओझं कोणाच्या डोक्यावर टाकायचं, इतकाच फरक. पण निकाल तिथंच फिरला.

---

पक्का_वऱ्हाडी

बाबासायबानं बंधुता देल्ली, आमी तिची भाऊबंदकी केली.

---

नागपुरी_संत्रं_पुण्यात

छान धागा. मला वाटतं आपण शिक्षा आणि साक्ष यातच अडकलोय. दक्षिण आफ्रिकेतली 'उबुंटू' ही कल्पना घ्या : माणूस माणसांमुळे माणूस असतो. वर्णभेद संपल्यावर तिथे डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग नेमला. ज्यानं गुन्हा केला त्यानं सगळं खरं जाहीर सांगायचं, राजकीय गुन्हा असेल तर माफी मिळू शकते. सूड नको, नातं सांधा. तुमच्या गावात बाप, पोरगा आणि शेजारीण तिघांना एकत्र बसवून असं काही करता येईल का?

---

सातबारा

@नागपुरी_संत्रं, गोष्ट अर्धीच सांगितली. वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको पोलीस कोठडीत मेला होता. त्याचं कुटुंब आणि आणखी काही जण १९९६ साली याच माफीविरुद्ध तिथल्या संविधान न्यायालयाकडे गेले, म्हणाले आम्हाला सलोखा नको, खटला पाहिजे. हरले. माफीचा खर्च शेवटी त्यांच्याच खिशातून गेला.

आणि एकत्र बसवायचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. २००७ च्या १५ ऑगस्टपासून तंटामुक्त गाव मोहीम. चांगलीही कामं झाली, बांधाबांधावरची किरकोळ भांडणं मिटली. पण पुरस्काराच्या नादात 'मिटवून टाका' म्हणजे ज्याचा आवाज बारीक त्यानं मिटून घ्या, असंही झालं. मी दोन्ही पाहिलंय.

---

वैनगंगाकाठ

धानोरा तालुक्यातला आहे, जी. आमच्याकडचं मेंढा-लेखा गाव सगळ्यांना ऐकून माहीत असतं : 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू गावाचा झाला, ते पेपरात आलं. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे.

तिथं दोन बैठका असतात. अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात कोणीही या, बाहेरचा प्राध्यापक या, वनखात्याचा साहेब या, वाट्टेल ते बोला, पण ठराव करायचा नाही. ठराव ग्रामसभेत, तोही सगळ्यांच्या सहमतीनं. एकाचंही पटत नसेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. बहुमतानं एकाला दाबायचं नाही.

मी काही बैठकांना मागे बसलोय. सर्वसहमती म्हणजे किती वेळ जातो ते तिथं कळतं. चहा तीनदा होतो. एक म्हातारा उठून जंगलात जातो, परत येतो, विषय तोच असतो.

तुमची चूक झाली असेल तर एवढीच, की खोलीत अभ्यास चालला होता पण त्या पोराला वाटलं आपला निकाल लागून राह्यला.

---

निळी_शाई

हा धागा सकाळपासून वाचतेय. कामावरून येऊन उत्तर देते म्हटलं, पण आता डबा खाता खाताच लिहिते.

बारा-तेरा प्रतिसाद झाले. बापाची इज्जत झाली, पोराची हिंमत झाली, चीन झालं, आफ्रिका झाली. मेंढी कोणाची होती, हे कोणी विचारलंय का?

कन्फ्यूशियसनं विचारलं नाही. त्या अधिकाऱ्यानंही विचारलं नाही. दोघंही चोराच्या घरात बसून बोलतायत. ज्याच्या दावणीचं जनावर गेलं तो गोष्टीत नाहीच. इथेही धागाकर्त्यांनी शेजारणीला एका वाक्यात आटोपलं : विधवा, बौद्ध. संपली. तिचे किती तास गेले, किती वर्षं, तेवढ्यात किती तूर झाली असती, ती बोलली का नाही, बोलली असती तर कोणी ऐकलं असतं, काही नाही. @काळीमाती यांना 'त्या बाईसमोर' बापाची इज्जत गेली याचं वाईट वाटलं. त्या बाईचं वावर गेलं होतं हो.

आणि @वैनगंगाकाठ, मेंढा-लेखाबद्दल आदर आहे. पण ते गोंडांचं गाव, बहुतेक एका समाजाचं. आमच्यासारख्या गावात सर्वसहमती म्हणजे ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याची सहमती. त्याच्या ट्रॅक्टरशिवाय माझ्या आईची पेरणी होत नसेल तर ती 'नाही' कशी म्हणेल?

कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करावी विचारलंत. ३ ऑक्टोबर १९५४ ला आकाशवाणीवर बाबासाहेबांचं छोटंसं भाषण झालं होतं. स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाही, माझा गुरू बुद्ध याच्याकडून घेतली, असं त्यात आहे. आणि तिघांत वरची जागा त्यांनी बंधुतेला दिली, कारण नुसता कायदा स्वातंत्र्य आणि समता राखू शकेल याची त्यांना खात्री नव्हती. दोन-तीन पानांचा मजकूर. मास्तर झोपणार नाहीत.

---

काळीमाती

@निळी_शाई, लागलं. बरोबर लागलं. उरलेलं निम्मंही मागे घेतो.

---

पक्का_वऱ्हाडी

काळीमाती भाऊ, तुमचं आता काहीच नाही उरलं. सातबारा कोरा झाला.

---

अर्धाकप

ग्रीक लोकांतही अगदी हीच गोष्ट आहे, आणि तीही निळी_शाई म्हणतात तशीच वाकडी. यूथिफ्रो नावाचा माणूस बापावर खुनाचा खटला भरायला निघतो, कोर्टाच्या दारात त्याला सॉक्रेटिस भेटतो. झालं काय होतं, तर नॅक्सॉस बेटावर त्यांची शेती. तिथल्या मजुरानं दारूच्या नशेत एका गुलामाला मारलं. बापानं मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि पुढं काय करावं हे विचारायला माणूस अथेन्सला पाठवला. तो परत येईपर्यंत मजूर थंडीनं आणि उपाशी मेला.

घरचे सगळे मुलावर चिडले. म्हणे एका खुनी मजुरासाठी बापाला कोर्टात खेचतो? सॉक्रेटिसही चकित. मग दोघं 'पवित्र म्हणजे काय' यावर इतके बोलतात की मजूर खड्ड्यात राहूनच जातो. आपल्या भाषेत तो सालगडी. प्लेटोनं हे लिहिलं म्हणून आपल्याला तो मेल्याचं तरी कळलं, नाव नाहीच.

आणि 'बिभीषण' म्हणणाऱ्यांना सांगा, बिभीषण रामाच्या बाजूनं गेला होता! रामायण रोज ऐकायचं आणि शिवी त्याच्या नावाची द्यायची, हे फक्त आपल्यालाच जमतं.

---

वैनगंगाकाठ

@अर्धाकप, तेही गावावर आहे, जी. आमच्या भागात काही गोंड गावं रावणाला आपला मानतात, दसऱ्याच्या दहनाला विरोध करतात. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळ्याला तर रावणाच्या मूर्तीची पूजा होते. तिथं बिभीषण कोण ठरेल ते तुम्हीच पाहा.

@निळी_शाई, ट्रॅक्टरचं मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

अर्धाकप

महाभारतात मात्र दोन नमुने आहेत, अभ्यासगटाला उपयोगी पडतील. विकर्ण : कौरवांपैकीच, भर सभेत एकटा उठून म्हणाला की द्रौपदीच्या बाबतीत हे चुकतंय. पण युद्धात भावांकडून लढला आणि मेला. युयुत्सू : धृतराष्ट्राचाच मुलगा, युद्धाच्या आधी बाजू बदलून पांडवांकडे गेला आणि जगला. विकर्णाला लोक हळहळतात. युयुत्सूचं नाव किती जणांना ठाऊक आहे, पारावर विचारून पाहा. आपल्याला बोलून परत घरी येणारा मुलगा आवडतो.

---

नर्सताई

विषय थोडा वळवते. मी गडचिरोलीत आत आरोग्य सेविका होते, सहा वर्षं. तिथं गोंड-माडिया गावांत कुर्माघर असतं. पाळीचे दिवस बाया गावाच्या कडेच्या झोपडीत राहतात, स्वयंपाक नाही, घरात जायचं नाही.

पहिल्या वर्षी मी रागानं लाल. ही झोपडी बंद करा, हा अन्याय आहे, असं भाषणच ठोकलं. एक बाई सुपारी कातरत ऐकत होती. म्हणाली, 'घरी राहिली तं पाणी भरा लागते, लाकडं आणा लागते. इथं चार दिस कोणी काम नाही सांगत.' मी गप्प. पुढच्या पावसाळ्यात त्याच झोपडीत रात्री गेले. कुडाची भिंत अर्धी पडलेली, छत गळतंय, दार म्हणून एक पोतं, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरगी विळा उशाशी घेऊन बसलेली. साप निघाला होता आदल्या रात्री. तिला विचारलं, आराम आहे का? ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, 'मले घरी निजायचं हाय.'

काही ठिकाणी संस्थांनी पक्क्या खोल्या बांधल्या, पलंग, दिवा, संडास. एक जण म्हणतो सोय झाली, दुसरा म्हणतो अन्यायाला सिमेंट लावलं. मला दोन्ही पटतं, आणि त्याची लाज वाटत नाही. मी आता भाषण देत नाही. एकच विचारते : जिला जायचं नाही, तिला न जायची मुभा आहे का? पहिलीला आराम मिळतो म्हणून दुसरीनं गळक्या छताखाली बसायचं का?

---

एमपीएससी_चौथा_अटेम्प्ट

@नर्सताई, हे आमच्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

---

नर्सताई

मग रकाना वाढवा, राजा.

---

गुरुकुंजचा

सगळं वाचलं. पण बाहेरचं इतकं कशाला? चीन, ग्रीस, आफ्रिका. आपल्याकडे तुकडोजी महाराजांची ग्रामगीता आहे, गाडगेबाबा आहेत. तेवढं अंगी लावलं तरी जन्म पुरणार नाही.

---

पराटीचं_बोंड

@गुरुकुंजचा, महाराज स्वतः १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. ते 'बाहेरचं कशाला' म्हणाले असते तर मोझरीतच बसले असते.

---

गुरुकुंजचा

तेही खरं. :)

पण ताई, माझा मुद्दा तेवढाच नाही. बाहेरच्या गोष्टीवर लोक मोकळं बोलतात कारण ती आपल्या अंगाला लागत नाही. मेंढीवर सगळे बोलले. धुऱ्यावर बोलतील का?

---

अकोटवाला

@गुरुकुंजचा, म्हणूनच आधी मेंढी पाहिजे. माझ्या घरी मी फुफींचा विषय सरळ काढला असता तर बाहेर काढला गेलो असतो. आयतीपासून सुरुवात केली असती तर निदान अब्बांनी ऐकून घेतलं असतं. दूरची गोष्ट म्हणजे चिमटा असतो, विस्तव त्यानंच उचलता येतो.

---

संपादक_मंडळ

धागा चांगला चालला आहे. रावणाच्या मुद्द्यावर आलेले चार प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. इथे मूळ प्रश्नाला धरून राहावे.

---

पक्का_वऱ्हाडी

पाहा, रावनाले इथूनबी हाकललं.

---

धुरेकरी (धागाकर्ता)

तीन आठवडे झाले, तुरीच्या सोंगणीत अडकलो होतो. काय काय झालं ते सांगतो.

@निळी_शाई, तुमचा प्रतिसाद मी अभ्यासगटात जसाच्या तसा वाचला. 'मेंढी कोणाची होती' इथं आल्यावर खोलीत इतकी शांतता की बाहेर गिरणीचा पट्टा ऐकू येत होता. मास्तर म्हणाले, 'चाळीस वर्षं शिकवलं, हे सुचलं नाही.' मग त्यांनीच पुढच्या वेळेसाठी आकाशवाणीचं भाषण शोधून दोन प्रती काढून आणल्या.

त्यानंतर मी मोठ्या उत्साहानं त्या काकूंकडे गेलो. म्हटलं, तुम्ही या, तुमची बाजू सांगा. त्या अंगणात सरकीवर उरलेला कापूस वेगळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'माहं वावर मोजून झालं, दगड लागले. आता मले वेचाले मजूर भेटून नाही राह्यले, थे पाहा. तुमच्या गोठीत मी कायले येऊ?' पाणी दिलं, चहा केला, पण नाही म्हणजे नाही. परत येताना वाटलं, मी पुन्हा तेच करायला गेलो होतो. आधी ती गोष्टीत नव्हती, आता तिला धरून गोष्टीत बसवायला निघालो. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या दोघी आणि अंगणवाडीच्या ताई तिच्या वावरात वेचायला गेल्या. रोजी घेऊन, फुकट नाही. ते तिनंच बजावलं होतं.

@वैनगंगाकाठ, तुमचं ऐकून भिंतीवर खडूनं लिहिलं : इथे ठराव होत नाही. किराणावाल्यानं खाली लिहिलं, उधारीही नाही.

पोरगा अजून आलेला नाही. शेतात भेटला, अकोटवाल्यांचा सलाम सांगितला. 'बरं' म्हणाला. बैल पाणी पीत होते, त्यांच्याकडेच बघत होता.

पण मागच्या रविवारी त्याचा बाप आला.

आम्ही विकर्ण आणि युयुत्सू वाचत होतो. दारात उभा राहिला, खांद्यावर घोंगडी, हातात जागलीची (रात्रीच्या राखणीची) बॅटरी. कोणी काही बोलेना. त्यानं सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि विचारलं, 'आज कोनाचा बाप हाय?'

कोणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, 'आज धृतराष्ट्र हाय.' तो म्हणाला, 'थो तं आंधळा होता,' आणि दाराजवळच्या पोत्यावर बसला. शेवटपर्यंत बसला. युयुत्सू जातो तिथं विचारलं, 'बापानं त्याले नंतर बोलावलं का?' मास्तरांना पटकन सांगता आलं नाही, म्हणाले पाहून सांगतो. मग रानडुकरं येतात म्हणून तो उठून गेला. मास्तर आता आठवडाभर महाभारत घेऊन बसलेत.

दुसऱ्या प्रश्नाचं, पुस्तकाचं, असं झालं की पुस्तक ठरवणं सोडलं. एक गोष्ट घ्यायची, तीच चार-पाच ठिकाणची वाचायची, आणि गोष्टीत कोण आलं नाही ते शेवटी विचारायचं. हे शेवटचं निळी_शाई यांच्याकडून ढापलेलं आहे.

@पराटीचं_बोंड, तुमचा राखीचा किस्सा, नाव-गाव नसलेलाच, वाचायची परवानगी द्याल का? बचत गटाच्या बायांनी येत्या रविवारचा विषय स्वतः ठरवलाय : हक्कसोडपत्र. संध्याकाळी सात वाजता, चटई आपापली. आतापासूनच तीन गड्यांनी त्या रात्री जागल असल्याचं कळवलं आहे.

---

पराटीचं_बोंड

वाचा. शाईचं पण वाचा.

---

पक्का_वऱ्हाडी

माह्या वावरातबी डुकरं त्याच दिवशी येनार हायेत, भाऊ. चौथं नाव लिहून घ्या.